पोतडी आधीच भरलेली असते

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेली ऊती. निळसर पार्श्वभूमीवर मधूनच जांभळ्या, दाणेदार पेशी.)

साल १८७८. लाइपझिगमध्ये २४ वर्षांचा पाउल एरलिख वैद्यकीच्या प्रबंधासाठी ऊतींच्या पातळ कापांवर नवनवे कृत्रिम रंग टाकून बघत होता. काही पेशी वेगळ्याच वागत. निळा रंग दिला तरी त्या जांभळ्या व्हायच्या, आणि आत दाणेच दाणे. एरलिखला वाटलं, या खाऊन खाऊन गुबगुबीत झाल्या असाव्यात. म्हणून त्याने त्यांना जर्मनमध्ये 'धष्टपुष्ट' अशा अर्थाचं नाव दिलं. आपण त्यांना मास्ट पेशी म्हणतो; ॲलर्जीतल्या या बिनीच्या पेशी. त्याचा अंदाज चुकला, नाव मात्र चिकटलं.

ते दाणे म्हणजे खाल्लेलं अन्न नव्हतंच. तो दारूगोळा होता. शिंका, खाज, सूज आणणारं हिस्टामिन आणि त्याच्यासारखी इतर द्रव्यं, पेशीने स्वतः बनवून, बांधून, रचून ठेवलेली.

(दृश्य: हवेत तरंगणारे परागकण. संथ गतीत शिंक.)

परागकण नाकात शिरतो आणि काही मिनिटांत शिंकांची माळ लागते. एवढ्या वेळात जनुकांकडून नवं काही बनवून घ्यायची सवड नसते, गरजही नसते. दाणे तयारच असतात. ते फक्त बाहेर फेकायचे. जनुकांना विचारायला कुणी थांबत नाही.

मग ॲलर्जीत जनुकांचं काम काय? त्यांचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. पोतडी त्यांनी भरलेली असते. आणि ती कुठल्या पेशीच्या खांद्यावर द्यायची, हेही त्यांनीच ठरवलेलं असतं.

(दृश्य: अस्थिमज्जेचं ॲनिमेशन. एका मूळ पेशीपासून फुटत जाणाऱ्या वाटा.)

जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. त्यात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं. मास्ट पेशीत आणि डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीत हा मजकूर एकच. फरक इतकाच की कुठलं पान उघडं आहे आणि कुठलं घट्ट मिटलेलं. पानं उघडण्या-मिटण्याचं काम काही नियंत्रक प्रथिनं करतात. नावं रुक्ष आहेत, पण दोन लक्षात ठेवा: गाटा-२ आणि सीईबीपी-अल्फा.

२००६ साली हिरोमी इवासाकी, कोइची आकाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिम्फोसाइट (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) होण्याच्या वाटेवर असलेल्या पेशींत त्यांनी ही दोन्ही नियंत्रकं सुरू केली. आधी सीईबीपी-अल्फा, मग गाटा-२, तर पेशी झाली इओसिनोफिल. क्रम उलटा केला, तर बेसोफिल. याही पांढऱ्या रक्तपेशीच, पण दुसऱ्या घराण्यातल्या. दोन्ही ॲलर्जीतल्या भिडू, पण स्वभाव निराळे. आधी कळस मग पाया, असं केलं तर इमारत उभी राहत नाही असं आपण म्हणतो. इथे इमारत उभी राहते, फक्त दुसरीच.

मास्ट पेशीला आणखी एक नियंत्रक लागतं, एमआयटीएफ. गंमत म्हणजे त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशीही याच प्रथिनावर अवलंबून असतात. त्यामुळे ज्या उंदरांत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांची फर पांढरी, डोळे बारीक आणि मास्ट पेशी अगदी तुरळक.

(दृश्य: दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या. रासायनिक संदेशांचे ठिपके.)

पण भरलेली पोतडी स्वतःहून फुटत नाही. चाप ओढायला प्रतिपिंड लागतो, आयजीई. १९६० च्या दशकात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत तो ओळखला, आणि जवळपास त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनीही. हा प्रतिपिंड बनवण्याचा हुकूम येतो टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, एका गटाकडून, टीएच-२ कडून.

कोरी टी पेशी कुणाचीही शत्रू नसते. तिच्यापर्यंत इंटरल्यूकिन-४ हा संदेश पोचला की आत स्टॅट-६ हे नियंत्रक प्रथिन जागं होतं, ते गाटा-३ या दुसऱ्या नियंत्रकाला उठवतं, आणि गाटा-३ स्वतःचंच जनुक आणखी जोरात चालवत राहतं. मग आपल्या पाचव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली तीन जनुकं उघडतात: इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३. या तिघांना एकत्र हाताळणारा एक महत्त्वाचा खटका मात्र त्यांच्यात नाहीच. तो आहे त्यांच्या मधोमध राहणाऱ्या रॅड-५० नावाच्या जनुकाच्या आत, आणि रॅड-५० चं स्वतःचं काम डीएनएची डागडुजी. म्हणजे शेजाऱ्यांचं मेन स्विच बसवलंय भलत्याच्याच घरात.

इंटरल्यूकिन ४ आणि १३ चा संदेश प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशीकडे जातो. तिथे जे घडतं ते पान उघडण्या-मिटण्याच्या पलीकडचं आहे. बी पेशी आपल्या डीएनएचा मधला तुकडा चक्क कापून टाकते, उरलेली टोकं जोडते आणि आयजीई बनवू लागते. मिटलेलं पान पुन्हा उघडता येतं. फाडलेलं नाही.

(दृश्य: घड्याळ. फुगलेली, लालसर श्वासनलिका.)

दमा असलेल्या अनेकांना ठाऊक असतं, त्रास दोनदा येतो. पहिला काही मिनिटांत. तो ओसरला असं वाटतं, आणि काही तासांनी छाती पुन्हा भरून येते. या दुसऱ्या खेपेला मात्र जनुकं कामाला लागलेली असतात: नवे संदेश लिहिले जातात, इओसिनोफिल गोळा होतात.

औषधांचं वेळापत्रकही यावरून समजतं. जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच द्यायचं, कारण ते जनुकांची वाट बघत नाही; आकुंचलेली श्वासनलिका आणि सैल पडलेल्या रक्तवाहिन्या यांच्यावर ते थेट काम करतं. स्टेरॉइडला पेशीकेंद्रात जाऊन जनुकांचा सूर बदलावा लागतो, त्यात तास जातात. त्याला मंद म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईकच वेगळं आहे.

(दृश्य: श्वासावाटे औषध घेणारा माणूस. पडद्यावर दोन आलेख.)

२०१५ साली थेट गाटा-३ वर नेम धरलेल्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. औषध म्हणजे डीएनएचाच एक छोटा तुकडा, जो गाटा-३ चा संदेश वाचला जाण्याआधीच कापून टाकतो. ॲलर्जीजन्य दमा असलेल्यांनी तो २८ दिवस श्वासावाटे घेतला, आणि मग त्यांना मुद्दाम ॲलर्जीचा पदार्थ हुंगवण्यात आला. काही तासांनी येणारी प्रतिक्रिया उपचारापूर्वीच्या मानाने ३४ टक्क्यांनी सौम्य झाली होती.

पहिल्या काही मिनिटांतली, एरलिखच्या त्या दाण्यांची, फक्त ११ टक्क्यांनी.