ल्युक्रिशिया मॉट: दगडफेकीतून हात धरून निघालेल्या बायका

१७ मे १८३८, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. पेनसिल्व्हेनिया हॉल, नवी कोरी बिल्डिंग, उघडून जेमतेम तीन दिवस झालेत आणि बाहेर हजारोंचा जमाव. राग कशाचा, तर आत गोऱ्या आणि काळ्या बायका एकत्र बसून गुलामगिरीविरुद्ध मीटिंग घेतायत. मेयर म्हणाला काळ्या बायकांना येऊ देऊ नका, मीटिंगवाल्या बायकांनी साफ नाही सांगितलं. मीटिंग संपल्यावर गोऱ्या बायका काळ्या बायकांचे हात धरून त्या जमावातून, दगड झेलत बाहेर पडल्या. रात्री हॉल जाळला, बंबवाल्यांनी पाणी मारलं ते फक्त शेजारच्या घरांवर! मग जमाव ह्या बायकांच्या पुढाऱ्यांपैकी एक, ल्युक्रिशिया मॉट, तिच्या घराकडे निघाला, एका ओळखीच्याने मुद्दाम चुकीच्या रस्त्याला नेला म्हणून घर वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी ह्याच बायका एका शाळेत जमल्या नि उरलेलं कामकाज पूर्ण केलं.

ल्युक्रिशियाचा जन्म १७९३ चा, नॅन्टकेट बेटावरचा. पुरुष व्हेलच्या शिकारीला समुद्रावर, त्यामुळे घर, दुकान, हिशोब सगळं बायकाच बघायच्या. त्यात घराणं क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचं, म्हणजे प्रार्थनेत बाईनेही उभं राहून बोलायचं. शाळेत शिकवायला लागली तेव्हा कळलं की फी मुलामुलींची सारखी, पगार मात्र बाईला निम्मा. हे तिला शेवटपर्यंत खुपत राहिलं.

मला तर तिच्या घरातली गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. गुलामांच्या कष्टाची साखर आणि कापूस घरात नको असं तिने ठरवलं, आणि नवऱ्याचा, जेम्सचा धंदाच कापसाचा! मुलंबाळं पदरात असताना त्याने चालता धंदा सोडला आणि लोकरीचा सुरू केला.

१८४० ला लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत ती प्रतिनिधी म्हणून गेली, तर बाई म्हणून बाजूला बसवलं, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. तिथेच अमेरिकेचीच एलिझाबेथ स्टँटन भेटली आणि १८४८ च्या जुलैत अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स गावात दोघींनी बायकांच्या हक्कांची परिषद भरवली. मताच्या हक्काची मागणी स्टँटनची, ल्युक्रिशियालाही ती जास्तच धाडसाची वाटली होती, पण एकेकाळी स्वतः गुलाम असलेला फ्रेडरिक डग्लस त्या मागणीच्या बाजूने बोलला आणि ठराव पास झाला.

१८७३ मध्ये पुण्यात ज्योतिबा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा ल्युक्रिशिया ८० वर्षांची होती, आणि त्यानंतरही पाच वर्षांनी रॉचेस्टरच्या परिषदेत बायकांच्या मतासाठी बोलायला उभी राहिली.