पाणी जाईना

मंडळी, नमस्कार.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मृग सरून आर्द्रा लागल्या की माझ्या फोनला उसंत नसते. बेळगावातलं शहापूर, अनगोळ, टिळकवाडी, इकडं निपाणी, तिकडं खानापूर, फोन कुठूनही येवो, वाक्य एकच. मराठी घरातनं ‘पाणी जाईना’, कन्नड घरातनं ‘नीर होगवल्दु’. मशीनच्या काचेपर्यंत साबणाचं पाणी, आत कपड्यांचा लगदा, दार उघडत नाही आणि बाहेर पाऊस उघडत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. नीट पिळलेले कपडेसुद्धा दोरीवर दमट राहतात, मग पाण्यातच राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. म्हणून फोनवरची घाई मला कळते. पण बहुतेक वेळा या तक्रारीला मेकॅनिक लागतच नाही, आणि हे घरोघरी कळावं असं मला मनापासून वाटतं.

पाणी का अडलं हे शोधायचं तर ते जातं कसं, हे आधी माहीत हवं. दोन टबांच्या सेमी मशीनमध्ये धुण्याच्या टबाला बहुधा पंपच नसतो. तुम्ही खटका ‘ड्रेन’वर फिरवता, आत पट्टी ओढली जाते, रबराचं बूच उचललं जातं आणि पाणी आपसूक उताराला लागतं. आपल्या घरांतल्या पुष्कळ टॉप लोड, म्हणजे वरनं कपडे टाकायच्या मशीनांतही तसंच, फक्त बूच ओढायला छोटी मोटर असते. समोरनं दार असलेल्या फ्रंट लोडमध्ये मात्र तळाशी पंप असतो आणि तो पाणी उचलून बाहेर फेकतो.

नळीच्या चुका होतात त्या इथंच. न्हाणीला नवी फरशी घातली, उंबरठा वर आला, आणि कुणीतरी टॉप लोडची नळी खिळ्याला टांगून पलीकडं सोडली. टबातलं पाणी त्या उंचीपर्यंत उतरतं आणि थांबतं. ही नळी जमिनीलगतच हवी. फ्रंट लोडला उलटं. तिची नळी दोन-तीन फूट वर नेऊन मग खाली वळवायची. जमिनीवर सोडली तर पाणी भरता भरताच निघून जातं. सेमी काढून फ्रंट लोड घेतलेल्या घरात जुन्या सवयीनं नळी खालीच टाकलेली मी कितीदा बघितली आहे. आणि मशीन भिंतीला सरकवताना मागं नळी दुमडली का, हे हात घालून बघा. याला पैसा लागत नाही.

काही मशीनांच्या पडद्यावर खूण येते. एलजीवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५ सी’ किंवा ‘५ ई’, बॉशच्या बऱ्याच मशीनांवर ‘ई १८’. ठरलेल्या वेळात पाणी उतरलं नाही, एवढंच ती खूण सांगते. पंप जळला असं ती म्हणत नाही. तुमच्या दारात उभा राहून कुणी तसा अर्थ लावत असेल, तर त्याला आधी पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारा फिल्टर उघडायला सांगा.

आता कान द्या, कारण फ्रंट लोडमध्ये अर्धं निदान आवाजावर होतं. फक्त ड्रेन लावा आणि खाली वाकून ऐका. नुसता ‘गुंऽऽ’ असा दबलेला आवाज आला तर पंपाला वीज मिळते आहे, पण आतली पंख्यासारखी चकती कशात तरी अडकली आहे. मोकळा फिरल्याचा आवाज येतो आणि पाणी येत नाही, तर पुढं नळी तुंबली आहे, किंवा चकती दांड्यावरनं सुटली आहे. काहीच आवाज नाही, तर पंपाची गुंडाळी गेली असेल किंवा त्याच्यापर्यंत वीजच पोचत नसेल. हे तिसरं काम मात्र माझ्यासारख्याचं. मीटर लावल्यावर चांगल्या पंपाची गुंडाळी विजेला साधारण दीडशे ते दोनशे ओहम अडथळा दाखवते.

वडगावातलं एक घर सांगतो. पुढच्या खोलीत माग, मागं न्हाणी. अक्का म्हणाल्या, ‘कालपासनं नुसतं गुणगुणतंय बघा भाऊ.’ मी प्लग काढला. हे पहिलं, नेहमी पहिलं. बटण बंद करून भागत नाही. गरम पाण्याची धुलाई असेल तर पाणी निवू द्यायचं. मग खाली कोपऱ्यातलं झाकण उघडलं. आत बोटाएवढी रबरी नळी होती, तिचं बूच काढून पाणी परातीत सोडलं. परात भरली की बूच लावायचं, ओतून यायचं, पुन्हा सोडायचं. सहा पराती निघाल्या. ही नळी सगळ्या मशीनांत नसते. नसेल तिथं फिल्टर पाव फेरा फिरवून थोडं थोडं पाणी काढावं. एकदम उघडला तर न्हाणीभर पूर. फिल्टर बाहेर आला तेव्हा त्याला केसांचा आणि लोकरीचा काळपट गोळा होता. पण खरी अडचण त्याच्या मागं होती. बॅटरी मारून बघितलं तर चकतीभोवती सूत आणि जरीची तार इतकी घट्ट वळली होती की पाती दिसत नव्हती. ब्लेडनं एकेक पदर कापत गेलो. तिसऱ्या-चौथ्या पदराखाली पाच रुपयांचं नाणं आडवं बसलेलं. अक्कांनी ते धुऊन देवापुढं ठेवलं.

फिल्टर उघडला की घरचा धंदा कळतो. निपाणीकडं शिवणीत साठलेली तंबाखूची भुकटी निघते. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांच्या घरी लोखंडाचा बूर, तो रबराला चिरतो. खानापूरकडं रोपलावणीच्या दिवसांत तांबड्या मातीचा गाळ आणि भाताचा काडीकचरा. म्हणून सांगतो, कामाचे कपडे आत टाकण्याआधी खिसे उलटे करून दारात झटका, आणि पावसाळ्यात महिन्यातनं एकदा तरी फिल्टर धुवा. चिखलासाठी पावडर वाढवू नका. हातधुलाईची पावडर फ्रंट लोडमध्ये इतका फेस करते की पंप पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो.

एका निवृत्त शिक्षिका बाईंचा अनुभव मला सोडवत नाही. एका मेकॅनिकनं त्यांचा पंप बदलला, पाणी गेलं नाही. मग बोर्ड बदलायला हवा म्हणाला आणि आगाऊ पैसे घेऊन गेला. मी गेलो तेव्हा दोष मशीनमध्ये नव्हताच. बाहेरची नळी न्हाणीच्या पाइपात हातभर आत खुपसलेली होती आणि पाइपात लिंटचा, म्हणजे कपड्यांच्या सुटलेल्या तंतूंचा बोळा बसला होता. नळी काढून बादलीत सोडली, पाणी धो धो आलं. ही परीक्षा तुम्हीही करू शकता. बादलीत पाणी येतंय आणि पाइपात जात नाही, तर प्लंबरला बोलवा.

फिल्टर परत बसवताना त्याचं रबर पुसा, आटे सरळ लागले का बघा आणि हातानं घट्ट आवळा. मग तांब्याभर पाणी पावडरच्या खणातनं ओतून ड्रेन लावा आणि झाकणाशी थेंब येतोय का ते बघा.

इथं टेबलावर एक पंप उघडून ठेवला आहे. चकती बोटानं फिरवली की ती अडखळत, झटके देत फिरेल. आतल्या लोहचुंबकामुळं तसं होतं. चांगला पंपही असाच फिरतो, त्याला बिघडलेला समजू नका. शेजारी सूत गुंडाळलेला दुसरा ठेवला आहे. दोन्ही हातात घेऊन बघा. आधी मागच्या रांगेतल्या मावशींना पुढं येऊ द्या.