न्यूपोर्टची सत्तावीस आवर्तने

(पडद्यावर: र्‍होड आयलंडचा समुद्रकिनारा, श्रीमंतांचे उन्हाळी बंगले. मग फ्रीबॉडी पार्कचे खुले मैदान.)

७ जुलै १९५६, शनिवार. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या न्यूपोर्ट या गावात जाझ महोत्सवाची शेवटची रात्र. जॉर्ज वाइन यांनी लोरिलार्ड दांपत्याच्या पाठबळावर १९५४ साली हा महोत्सव सुरू केला होता. दुसऱ्याच वर्षी तो फ्रीबॉडी पार्कमध्ये हलवावा लागला, इतकी गर्दी वाढली होती.

त्या रात्री पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडला दोनदा मंचावर यायचे होते. पहिल्या फेरीला चार वादक वेळेवर पोचलेच नाहीत. क्लार्क टेरी, रे नान्स, जिमी हॅमिल्टन आणि बास वाजवणारे जिमी वूड. उरलेल्यांनी राष्ट्रगीत आणि दोन रचना वाजवल्या आणि ते खाली उतरले. मग जवळजवळ तीन तास वाट पाहणे. पुन्हा बोलावणे आले तेव्हा मध्यरात्र व्हायला पाऊण तासही उरला नव्हता आणि काही लोक घरी निघाले होते.

एलिंग्टन यांचे वय तेव्हा सत्तावन्न. तीसच्या दशकात त्यांच्या नावावर नाचघरे भरत. युद्धानंतर मोठे बँड एकामागून एक मोडले, कारण पंधरा माणसांचा पगार, प्रवास आणि मुक्काम हा हिशेब जमेना. तरुण वादक चार-पाच जणांच्या ताफ्यात बीबॉप ही जाझची नवी, वेगवान शैली वाजवू लागले होते. १९५१ मध्ये जॉनी हॉजेस यांच्यासारखा एलिंग्टन यांचा हुकमी सॅक्सोफोनवादक बँड सोडून गेला. तो १९५५ मध्ये परतला. त्याच वर्षी या बँडने न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये पाण्यावरच्या करमणुकीच्या खेळाला साथ करून उन्हाळा काढला. एलिंग्टन स्वतःच्या गाण्यांच्या मानधनातून वादकांचे पगार भागवत होते.

(ध्वनी: पियानो, मागोमाग बास आणि ड्रम.)

आधी या महोत्सवासाठी एलिंग्टन यांनी आपले सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्यासह रचलेली तीन भागांची नवी मालिका झाली. तालीम अपुरी होती आणि ते ऐकू येत होते. त्यानंतर एलिंग्टन यांनी जुनी चीज काढली, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. १९३७ ची रचना, तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेली: पहिला भाग मोठ्या आवाजातून उतरत जाणारा, दुसरा हळू सुरू होऊन चढत जाणारा. दोन्ही भाग सांधायचे कसे, हा प्रश्न वर्षानुवर्षे होता. मध्ये कधी दुसरीच रचना घातली जाई. १९५१ च्या सुमारास पॉल गोन्साल्विस यांच्या टेनर सॅक्सोफोनने ती जागा भरून पाहिली होती. न्यूपोर्टला तोच उपाय पुन्हा योजला गेला.

गोन्साल्विस पस्तीस वर्षांचे, केप व्हर्द बेटांतून आलेल्या कुटुंबातले, याच र्‍होड आयलंडमध्ये वाढलेले. त्यांना काही लिहून दिलेले नव्हते. ब्लूजचे एक आवर्तन बारा बारचे असते, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. पहिले चार बार ‘सा’वर उभ्या स्वरसंगतीचे, मग दोन ‘म’चे, पुन्हा दोन ‘सा’चे, आणि शेवटच्या चारांत ‘प’ला जाऊन घरी परत. गोन्साल्विस यांनी अशी सत्तावीस आवर्तने सलग वाजवली. म्हणजे ३२४ बार, १,२९६ मात्रा. घड्याळाप्रमाणे सहा मिनिटांहून थोडे जास्त.

संख्येपेक्षा ती टिकली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा लांब सोलोमध्ये दोन गोष्टी हमखास बिघडतात. लोक ओरडू लागले की वादक तिसऱ्या-चौथ्या आवर्तनातच सर्वांत उंच, सर्वांत कर्कश स्वर गाठतो आणि पुढे जायला जागा उरत नाही. दुसरे, उत्साहात लय पळते. ड्रमर पुढे, बास मागे आणि पाया डगमगतो.

इथे दोन्ही झाले नाही. गोन्साल्विस बहुतेक वेळ वाद्याच्या मधल्या पट्टीत राहिले. एक छोटी सुरावट घ्यायची, ती वळवायची, पुढच्या आवर्तनात ढकलायची, असे चालले होते. जिमी वूड प्रत्येक मात्रेवर एक स्वर देत चालत राहिले. सॅम वूडयार्ड यांच्या ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एलिंग्टन पियानोवर मोजकेच आघात करत होते, मधल्या मोकळ्या जागेत तोंडाने आरोळी देत होते. बाकीच्या अकरा जणांनी वाद्ये खाली ठेवून केवळ हाका दिल्या. आमच्या मते त्या रात्रीचे सर्वांत अवघड काम बास, ड्रम आणि पियानोवरच्या तिघांनी केले. त्यांनी काहीच वाढवले नाही, म्हणून सॅक्सोफोन वाढू शकला.

चौथा माणूस मंचाच्या कडेला होता: काउंट बेसींच्या बँडमधून नावारूपाला आलेले ड्रमर जो जोन्स. गुंडाळलेले वर्तमानपत्र आपटत ते ठेका देत होते. समोरच्या रांगांतल्या वादकांना तो दिसत होता, ऐकू येत होता. कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीचे निर्माते जॉर्ज अवाकियान यांनी त्या रात्रीचे श्रेय त्यांनाही दिले आहे.

सातव्या आवर्तनाच्या आसपास काळ्या पोशाखातली एक स्त्री जागेवरून उठून नाचू लागली. ध्वनिमुद्रणात गर्दीचा आवाज इथेच बदलतो. लोक खुर्च्यांवर चढले, मंचाकडे सरकले. दंगल होईल या भीतीने वाइन यांनी थांबण्याच्या खुणा केल्या. एलिंग्टन थांबले नाहीत. क्रेसेंडो संपल्यावर त्यांनी हॉजेस यांना पुढे केले. त्यांच्या संथ वादनाने गर्दी शांत झाली. एकदम बँड उतरवला असता तर खरेच गोंधळ माजला असता, असे आम्हालाही वाटते.

(पडद्यावर: मंच, शेजारी शेजारी दोन मायक्रोफोन.)

आता ध्वनिमुद्रणाचा भाग. मंचावर दोन संस्थांचे मायक्रोफोन होते, कोलंबियाचे आणि ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचे. गोन्साल्विस डोळे मिटून वाजवत होते, आणि ते उभे राहिले ते नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे कोलंबियाच्या फितीवर ड्रम, बास आणि गर्दी स्पष्ट, सॅक्सोफोन मात्र दूरचा. फीत एकमार्गी, म्हणजे मोनो, होती. सगळे आवाज एकदा मिसळून उतरले की त्यातला एकच वर आणणे शक्य नव्हते.

अवाकियान यांनी ९ जुलैला बँडला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावून नवी मालिका पुन्हा वाजवून घेतली आणि तिच्यावर टाळ्या चढवल्या. त्या वर्षी निघालेल्या तबकडीचा बराच भाग असा स्टुडिओतला होता. सत्तावीस आवर्तने खरी, मैदानातलीच, पण अंधुक. ही तबकडी एलिंग्टन यांची सर्वाधिक खपलेली तबकडी ठरली. २० ऑगस्टला ते ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले, आणि बँड त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९७४ पर्यंत, चालू राहिला. १९६३ मध्ये अमेरिकन सरकारने या बँडला आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. दिल्ली आणि मुंबईच्या रसिकांनी तेव्हा त्यांना, आणि गोन्साल्विसनाही, समोर ऐकले.

‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ही परदेशी श्रोत्यांसाठीची नभोवाणी. विलिस कोनोव्हर यांचा जाझचा कार्यक्रम १९५५ पासून तिच्यावरून शॉर्टवेव्हने आपल्याकडेही पोचत असे. तिची न्यूपोर्टची फीत १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. तिच्यात सॅक्सोफोन अगदी जवळून होता.

जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी दोन्ही फिती जोडल्या. दोन यंत्रे कधीच नेमक्या एकाच वेगाने फिरत नाहीत. सुरुवात जुळवली तरी काही सेकंदांत फरक पडतो आणि प्रत्येक आघात दोनदा ऐकू येतो. म्हणून संगणकावर संपूर्ण लांबीत वेग पुन:पुन्हा जुळवावा लागला. मायक्रोफोन वेगवेगळ्या जागी असल्याने एक फीत एका कानाला, दुसरी दुसऱ्या कानाला देता आली आणि एकमार्गी फितींतून खरा स्टिरिओ उभा राहिला. दोन सीडींचा हा संच १९९९ मध्ये आला.

ऐकायचे असेल तर हाच संच घ्या, आणि हेडफोन लावा. पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे लक्ष देऊ नका. बासचे स्वर धरून बारा बार मोजा, प्रत्येक आवर्तनाला एक बोट मिटा. सात झाली की गर्दीकडे कान द्या. दुसऱ्या ऐकण्यात एलिंग्टन यांच्या आरोळ्या शोधा. गोन्साल्विस तिसऱ्यांदा.