मी किती वाजता झोपायचं हे कोण ठरवणार?

नमस्कार मंडळी. अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत काय सुधारणा हव्यात आणि त्याबद्दल अपंगांना स्वतःला काय वाटतं, असा विषय मला दिलाय. सगळ्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही. ज्याला दिसत नाही त्याची गरज वेगळी, ज्याला ऐकू येत नाही त्याची वेगळी, मी व्हीलचेअरवर आहे तर माझं बोलणं तिथूनच येणार. पण इतक्या वर्षांत जेवढ्या मित्रमैत्रिणींशी बोललोय त्यात एक गोष्ट फिरून फिरून येते. पैसे वाढवा हे तर सगळेच म्हणतात, पण त्याच्याही आधी म्हणतात की आमचं ठरवताना आम्हाला विचारा हो.

मध्ये काही वर्षं मला सरकारी खर्चाने मदतनीस मिळायचा. तो संध्याकाळी साडेसातला यायचा कारण त्याच्या ड्युटीत माझा नंबर तेव्हा लागायचा. मला उचलून पलंगावर ठेवायचा, कुशीवर वळवायचा, पाठीला उशी लावायचा, पाण्याच्या बाटलीची नळी तोंडाजवळ अडकवायचा आणि जायचा. बाहेर अजून उजेड, खिडकीतून पोरं खेळतायत त्याचा आवाज, आणि मी चाळिशीतला माणूस अंथरुणात, सकाळपर्यंत कूस बदलायची सोय नाही. माणूस चांगला होता, त्याचा काही दोष नव्हता. कागदावर माझी सेवा पूर्ण झालेली होती. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की तास वाढवू नका, फक्त वेळ दहाची करा, तर म्हणाले फॉर्ममध्ये तसा रकानाच नाहीये.

हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता म्हणून सांगतो, अमेरिकेत एड रॉबर्ट्स म्हणून एक जण होता, पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळपास हलत नव्हतं, रात्री श्वासासाठी मोठ्या लोखंडी यंत्रात झोपावं लागायचं. त्याला कॉलेजात जायचं होतं तर कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने आधी मदत नाकारली, का तर हा इतका अपंग आहे की पुढे नोकरी करूच शकणार नाही. तो भांडला, १९६२ साली बर्कलीला शिकायला गेला, १९७२ मध्ये तिथे अपंगांनीच चालवलेलं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं करणाऱ्यांत तो होता, आणि १९७५ मध्ये त्याच खात्याचा डायरेक्टर झाला! स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नाही, कोणी, कधी, कसं करायचं ते स्वतः सांगता येणं, हे या लोकांनी जगून दाखवलं.

पुढे स्वीडनने १९९४ पासून मदतनिसाचा हक्क कायद्यात आणला, ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने सेवेऐवजी थेट पैसे हातात द्यायची वाट मोकळी केली. यातही अडचण आहे, हिशेब, पगार, सुट्ट्या सगळं आपल्यावर येतं आणि ज्याच्या पाठीशी कोणी नाही तो त्यात बुडतो, म्हणून नुसते पैसे देऊन सरकारने हात झटकू नयेत.

आता मदत कोणाला द्यायची ते ठरवणाऱ्या तपासणीचं. माझ्या एका मैत्रिणीचा आजार चढउताराचा आहे. तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं वीस पावलं चालता येतं का, ही चालून दाखवली, प्रामाणिक आहे ना, लिहिलं गेलं 'चालते'. त्यानंतर दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून होती हे विचारायला कोणीच आलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना आहे, तिथे सरकार असंच करणार होतं, ओळखदेख नसलेला तज्ज्ञ येऊन काही तासांत ठरलेल्या प्रश्नांवर मोजमाप करणार. अपंगांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इतका विरोध केला की जुलै २०२१ मध्ये तो बेत सोडावा लागला. फसवणारे पकडू नका असं कोणीच म्हणत नाही, पण गेलेला पाय परत उगवत नाही, मग दर थोड्या वर्षांनी तोच पाय का दाखवायचा?

आणि बचतीचं तर मला खरंच चीड आणणारं वाटतं. अमेरिकेत एसएसआय म्हणून भत्ता आहे, त्यात एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, आणि हा आकडा १९८९ पासून तसाच आहे. नवराबायको दोघं असतील तर ४,००० नाही, ३,०००. म्हणजे लग्न केलं तर नुकसान, साध्या खात्यात व्हीलचेअरसाठी त्याहून जास्त साठवलं तर भत्ता बंद. हा नियम करताना समोर एक जरी अपंग माणूस बसला असता तर त्याने लगेच बोट ठेवलं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६ च्या करारात कलम ४ मध्ये हेच आहे, अपंगांबद्दल निर्णय घेताना त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करायची, त्यांना सामील करून घ्यायचं. सामील म्हणजे मसुदा तयार झाल्यावर सह्या घ्यायला बोलावणं नव्हे, पहिल्या मीटिंगपासून.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. नियम बदलला, आता पैसे माझ्याकडे येतात आणि मदतनीस मी निवडलाय. तो तिकडे मागच्या रांगेत बसलाय. तुमचे प्रश्न सावकाश विचारा, त्याला मी आज साडेअकरा सांगितलेत.