नव्या संचात

मंडळी, मालिकेतली नायिका बदलली म्हणून घरात कुणी चिडलं की आपण म्हणतो, 'अगं, मालिकाच आहे ती.' मला हे उत्तर पटत नाही. आठवड्यातले सहा दिवस ठरल्या वेळी जी बाई घरात येते, ती सख्ख्या नणंदेपेक्षा जास्त भेटते. एका सोमवारी दुसरीच कुणी तिची साडी नेसून, तिच्याच नावाने वावरू लागली तर राग येणारच की ओ.

आता नट बदलणं आपल्याला नवं नाही. 'नव्या संचात' अशी जाहिरात वाचून आपण इथे सोलापुरात हुतात्मा स्मृतिमंदिरात नाटकं बघितलेली आहेत. 'नटसम्राट' १९७० साली आलं. बेलवलकर आधी डॉ. श्रीराम लागूंनी केले, नंतर दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. लोकांनी तुलना केली, कोण मोठा यावर वाद घातले, पण फसवलं असं कुणी म्हणालं नाही. शिरवाडकरांनी लिहिलेला बेलवलकर जागचा हलला नव्हता. नट त्याच्यापाशी येत होते आणि जात होते.

रोजच्या मालिकेत असा लिहून संपलेला माणूसच नसतो. पुढच्या काही आठवड्यांची रूपरेषा असते आणि संवाद कित्येकदा शूटिंगच्या दिवशी सेटवर पोचतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, त्यातलंही कुणी मध्येच सोडून जातं. मग ही बाई कशावर चिडते, कुठे गप्प बसते, सासऱ्यांशी कोणत्या सुरात बोलते, हे कागदापेक्षा नटीच्या अंगात जास्त साठलेलं असतं. ती गेली की तेही तिच्याबरोबर जातं. नव्या मुलीच्या हातात फक्त नाव येतं. बिचारीला लोक नावं ठेवतात, त्यात तिचा काय दोष?

आपल्या गावात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घरी मालिका बघतात त्यापेक्षा ऐकतात जास्त. मांडीवर सूप, नजर तेंदूच्या पानावर आणि कान टीव्हीकडे. घरात तेलुगू बोलतात, पण मराठी मालिकेतलं कोण कुणाला काय म्हणालं ते अचूक सांगतात. अशा बाईला चेहरा बदललेला उशिरा कळेल, आवाज बदललेला पहिल्या वाक्याला कळतो. बदली नटी शोधताना चेहरेपट्टी बघत असतील, टिकली आणि मंगळसूत्र तेच ठेवत असतील. कानाचा विचार कुणी करत असेल असं मला तरी वाटत नाही.

तरीही चेहऱ्याला माणूस सरावतो. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनील होती, २०१८ मध्ये ईशा केसकर आली, २०२० मध्ये पुन्हा रसिका सुनील. कुरकुर झाली, पण मालिका २०२१ पर्यंत चालली, कारण शनायाचा आगाऊपणा दोघींकडे शाबूत होता. त्याच मालिकेतली राधिका मसाले करता करता ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हा लोकांनी पोटभर चेष्टा केली. पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. बाई ओळखू येत होती.

स्वभाव फिरवला की मात्र प्रेक्षक सरावत नाही. वर्षभर शहाणी असलेली थोरली जाऊ एका महाएपिसोडपुरती दुधात काहीतरी कालवते आणि पुढच्या आठवड्यात ते कुणाला आठवतही नाही. नटी तीच, घर तेच, तरी परकं वाटतं. मला विचाराल तर नट बदलण्यापेक्षा ही फसवणूक मोठी. आणि ती बहुतेक वेळा गुरुवारी ठरते. त्या दिवशी टीआरपीचे आकडे येतात, आकडा घसरला की ट्रॅक वळवतात, नाहीतर लीप घेतात, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आम्ही चिडलोय हे त्यांना कळतं का? ताई, टीआरपी मोजायचे मीटर देशातल्या निवडक घरांत बसवलेले असतात. तुमच्या घरी तो नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केल्याचं त्या आकड्यात दिसतच नाही. आणि असलाच, तर कोणती वाहिनी किती वेळ चालली आणि घरातलं कोण बघत होतं एवढंच त्याला समजतं. तुम्ही शिव्या देत शेवटपर्यंत बघितलंत, तरी ते बघितलं म्हणूनच मोजतात.