लेसरनं नंबर घालवताय? आधी कॉर्नियाचा हिशोब मांडा

नमस्कार! चष्म्याचा नंबर घालवायला लेसर करायचं ठरवलंय? मग जिच्यावर तो लेसर चालतो, त्या कॉर्नियाबद्दल आज बोलूया. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मधोमध तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त.

लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत आधी सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात. हा फ्लॅप. खालचा थर लेसरनं झिजवून फ्लॅप परत बसवतात. तो बसतो, पण पहिल्यासारखी ताकद त्याला पुन्हा येत नाही. डोळ्याच्या आतला दाब पेलायचा तो खाली उरलेल्या थरानं.

आता हिशोब करू. समजा कॉर्नियाची जाडी ४९० मायक्रॉन, नंबर उणे ८. एका नंबरला साधारण १४ मायक्रॉन धरले तर ११२ गेले, फ्लॅपचे ११० गेले. उरले २६८. किमान २५० उरावेत हा जुना नियम, त्यात हे बसतं. पण एकूण जाडीचा ४५ टक्के भाग आपण दुबळा केला, आणि ४० टक्क्यांपासूनच धोका वाढायला लागतो. असा रिपोर्ट हातात आला तर मी लॅसिकला सरळ नाही म्हणेन.

का? कारण एक्टेशिया. दुबळी कॉर्निया हळूहळू पुढे फुगते. सिलिंडर नंबर वाढत जातो, रात्री दिवे फाटल्यासारखे दिसतात, चष्मा लावूनही नीट दिसत नाही. नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये लॅसिकनंतरचे असे रुग्ण नोंदवले. हे काही महिन्यांनी होतं, कधी काही वर्षांनीही.

आणि जाडी भरपूर असली तरी निश्चिंत होऊ नका! कॉर्नियाच्या आकारातच छुपा केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार असेल, तर तो टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या स्कॅनमध्येच सापडतो. स्कॅनच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवा, नाहीतर आकार चुकीचा येतो. डोळे चोळायची सवय असेल तर तेही सांगा, लपवू नका.

कोरडेपणा तर बहुतेकांना काही महिने जाणवतो, कारण फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात. पण अचानक दुखलं, लाल झालं, धूसर झालं तर थेंब टाकून वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.

एक्टेशिया झालाच तर क्रॉसलिंकिंग करतात: रायबोफ्लेविनचे (व्हिटॅमिन बी२) थेंब आणि अतिनील किरण. फुगणं बहुधा थांबतं, गेलेला आकार मात्र पूर्ण परत येत नाही.

लेसर झालंय? जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना ते लागतात.