रिकाम्या फेरीचा हिशेब

मित्रहो, 550 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण 95 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, आणि उरलेल्या जमिनीवरही वाळवंटं, बर्फ, डोंगर, जंगलं. त्यामुळे त्या 95 मिनिटांतला बराचसा वेळ त्याच्या खाली पैसे देणारं गिऱ्हाईकच नसतं. तरी त्याला थांबता येत नाही. गर्दीच्या जागी रेंगाळता येत नाही. दुपारी न वापरलेली क्षमता रात्रीसाठी साठवून ठेवता येत नाही. जो सेकंद विकला गेला नाही, तो गेला.

उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेटबद्दल बोलताना आपण रॉकेटकडे बघतो, आणि ते बघण्यासारखं असतंच. पण हा धंदा तरतो किंवा बुडतो तो या रिकाम्या फेरीच्या हिशेबात, असं माझं मत आहे. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

मुळात एवढं खाली यायचं कशाला? भूस्थिर कक्षेतला उपग्रह 35,786 किलोमीटरवर असतो आणि आकाशात एकाच जागी दिसतो. तीन उपग्रहांत जवळपास सगळी वस्ती झाकली जाते. पण तुमची विनंती वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार, खाली येणार. चार खेपा, जवळपास 1,43,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही यात अर्धा सेकंद जातो, आणि तो कुठल्याच तंत्रज्ञानाने वाचवता येत नाही. ज्यांनी अशा जोडणीवरून समोरच्याशी बोलायचा प्रयत्न केला असेल त्यांना ठाऊक आहे, दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. 550 किलोमीटरवर आलात की त्याच चार खेपा सात-आठ मिलिसेकंदांत होतात. बाकीची यंत्रणा धरून प्रत्यक्षात पंचवीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. फायबरच्या जवळपास.

याची किंमत मात्र मोजावी लागते. खाली आलेला उपग्रह एका जागेवरून काही मिनिटंच दिसतो. तो मावळायच्या आत दुसरा उगवायला हवा. तीन उपग्रहांचं काम करायला शेकडो लागतात, भरपूर क्षमता हवी असेल तर हजारो. आणि सेवा सलग मिळायची तर जवळजवळ सगळा ताफा आधी वर न्यावा लागतो. अर्ध्या ताफ्यावर अर्धा धंदा होत नाही.

उपग्रहावरून फोनसेवा देणाऱ्या इरिडियम कंपनीचं हेच झालं. 1 नोव्हेंबर 1998 ला सेवा सुरू, ऑगस्ट 1999 मध्ये दिवाळखोरी. 66 उपग्रह, 780 किलोमीटर उंची, सुमारे 5 अब्ज डॉलर खर्च. तंत्रज्ञान फसलं नव्हतं. फोन लागत होते. पण हातातला फोन सुमारे 3,000 डॉलरला, वर बोलायचे मिनिटाला काही डॉलर. तोवर जमिनीवरचे मोबाइल मनोरे वस्त्यावस्त्यांत पोहोचले होते. दिवाळखोरीच्या सुमाराला ग्राहक होते वीस हजारांच्या आसपास. पुढे ही सगळी मालमत्ता सुमारे 25 दशलक्ष डॉलरला विकली गेली, आणि नव्या मालकांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटावर ती उभी केली. इरिडियम आजही चालू आहे. उभारणीच्या पाच अब्जांचा बोजा डोक्यावर नसेल तर तेच उपग्रह नफ्यात चालू शकतात, हे त्यातून दिसलं. त्याच काळात बिल गेट्स आणि क्रेग मॅककॉ यांचा पैसा असलेल्या टेलिडेसिकने आधी 840, मग 288 उपग्रहांचं ब्रॉडबँड जाळं आखलं. 2002 मध्ये ते काम थांबवलं गेलं.

तो 3,000 डॉलरचा आकडा लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी तोच पुन्हा समोर आला. स्पेसएक्स या रॉकेट कंपनीने स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेटची सेवा 2020 च्या ऑक्टोबरात चाचणी म्हणून सुरू केली तेव्हा ग्राहकाच्या छपरावरची एक डिश बनवायला कंपनीला सुमारे 3,000 डॉलर लागत होते. विकली 499 डॉलरला. प्रत्येक नव्या ग्राहकामागे अडीच हजारांचा खड्डा.

या डिशवर थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड वस्तू तीच आहे. भूस्थिर उपग्रहाची डिश एकदा रोखून बसवली की झालं. इथे उपग्रह पळतोय, त्यामागे डिश फिरवत बसलो तर मोटरा किती दिवस टिकतील? म्हणून फेज्ड अ‍ॅरे. सपाट पत्र्यावर शेकडो छोटे अँटेना, प्रत्येकाच्या लहरीची वेळ सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाने पुढे-मागे करायची, आणि सगळ्यांची बेरीज हव्या त्या दिशेला जोरकस करायची. काही न हलवता दिशा बदलते. ही विद्या लष्करी रडारमधली. तिथे किमतीची फिकीर नव्हती. इथे ती कुणाच्याही घरावर बसवायची, पावसात-बर्फात चालवायची आणि घरच्यांना परवडेल अशी करायची. 2021 मध्ये कंपनीने सांगितलं की खर्च निम्म्याहून कमी झाला आहे. मला ती बातमी कुठल्याही उड्डाणापेक्षा मोठी वाटली होती.

आता गर्दीचा प्रश्न. सभागृहाच्या मागून मघाशी एकांनी विचारलं, की हे आलं म्हणजे शहरातलं फायबर संपणार का? नाही, आणि कारण साध्या गणिताचं आहे. उपग्रहाचा एक बीम जमिनीवर साधारण वीस-पंचवीस किलोमीटर रुंद पट्टा उजळतो. समजा त्या पट्ट्याच्या वाट्याला सेकंदाला 4 गिगाबिट आले. रात्री नऊच्या सुमाराला प्रत्येक घर सरासरी 4 मेगाबिट ओढतंय असं धरा. हजार घरं झाली की पट्टा भरला. विरळ वस्तीत हजार घरं म्हणजे सगळा परिसर. शहरात ती चार-पाच मोठ्या इमारतींतच असतात. उपग्रह वाढवून हे काही प्रमाणात सुधारतं, पण वापरायला मिळणाऱ्या रेडिओ लहरींची मर्यादा ठरलेली आहे. एकाच जागी त्याच लहरी कितीदाही वाटता येत नाहीत.

मग किंमत ठरवायची कशी? स्टारलिंकने फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेत काय केलं पाहा. दर सगळीकडे 110 डॉलर होता. जिथे पट्टे भरत आले होते तिथे 120 केला, जिथे मोकळे होते तिथे 90. सेवा तीच, डिश तीच, फक्त तुमच्या डोक्यावरची फेरी भरलेली की रिकामी एवढाच फरक. आणि सगळ्यात रिकामी फेरी कुठे, तर समुद्रावर. तिथे जहाजं आणि विमानं घरगुती ग्राहकापेक्षा कितीतरी पट मोजायला तयार असतात, आणि उपग्रह तर तिथून तसाही जाणारच असतो. पूर्वी अडचण अशी होती की उपग्रहाच्या नजरेच्या टप्प्यात त्याला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारं ग्राउंड स्टेशन लागायचं, आणि महासागराच्या मध्यावर ते आणायचं कुठून? उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलू लागले आणि ती अडचण सुटली. ज्या 71 टक्क्यांवर धंदा शून्य होता, तिथेच सगळ्यात महागडं गिऱ्हाईक मिळालं.

आता खर्चाची दुसरी बाजू. एवढ्या खालच्या कक्षेत विरळ का होईना हवा असते. ती उपग्रहाला खाली ओढते, इंधन संपतं, आणि साधारण पाच वर्षांनी तो वातावरणात जाळून टाकावा लागतो. दहा हजारांचा ताफा कायम ठेवायचा तर वर्षाला दोन हजार नवे, म्हणजे दिवसाला पाच-सहा. पुरलेली फायबर पंचवीस वर्षं हू की चू करत नाही. इथे पाच वर्षांत सगळं भांडवल अक्षरशः जळतं. आणि अंतराळातलं हवामान मध्येच तडाखा देतं ते वेगळंच. फेब्रुवारी 2022 मध्ये नुकत्याच सोडलेल्या 49 उपग्रहांपैकी 40 पर्यंत उपग्रह सौर वादळाने फुगलेल्या वातावरणात गमावले गेले.

हा खर्च ज्याच्याकडे स्वतःचं रॉकेट आहे त्यालाच झेपतो. इतरांचं काय होतं ते वनवेब या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट कंपनीने सोसलं. 74 उपग्रह वर असताना मार्च 2020 मध्ये दिवाळखोरी, मग ब्रिटिश सरकार आणि भारती उद्योगसमूह यांनी प्रत्येकी 50 कोटी डॉलर घालून ती वाचवली. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि 36 उपग्रह बैकोनूरच्या रशियन उड्डाणतळावर अडकले. रशियन रॉकेट बंद. मग इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटने दोन खेपांत 72 उपग्रह नेले आणि काही खेपा स्पेसएक्सकडून घ्याव्या लागल्या, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याकडून. अ‍ॅमेझॉनचीही तीच गत. 3,236 उपग्रहांची योजना, 10 अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक, निम्मे उपग्रह जुलै 2026 पर्यंत कक्षेत हवेत अशी परवान्याची मूळ अट, आणि 2023 च्या डिसेंबरात त्यांनीही स्पेसएक्सची उड्डाणं विकत घेतली. स्पर्धकाला त्याच्याच प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतून माल न्यावा लागतो, अशी बाजारपेठ मला निरोगी वाटत नाही. नियामकांनी किमतीच्या आधी याकडे पाहायला हवं.

मग गरीब, दूरच्या वस्तीचं काय? ज्यांच्या नावाने या सगळ्या योजना सांगितल्या जातात त्यांचं? रिकामी फेरी त्यांच्यावरूनच जाते, पण डिशचे पैसे त्यांच्याकडे नसतात. सरकारी पैसा द्यावा का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी स्टारलिंकला 2020 मध्ये 88 कोटी 55 लाख डॉलरचं अनुदान जाहीर झालं, आणि 2022 मध्ये नियामकानेच अर्ज फेटाळला. डाउनलोड सेकंदाला 100 मेगाबिट, अपलोड 20, हे वचन पाळलं जाईल याची खात्री पटत नाही म्हणून. मला दोन्ही बाजू समजतात. पण सरकारने घरोघरच्या वेगावर पैसे लावण्यापेक्षा संकटकाळासाठी क्षमता आणि डिश आधीच विकत घेऊन ठेवाव्यात, असं मी आग्रहाने म्हणेन.

15 जानेवारी 2022 ला पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली. ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. बाहेरच्या बेटांना जोडणारी देशांतर्गत केबल पूर्ववत व्हायला तर दीड वर्ष गेलं. घरचे जिवंत आहेत की नाहीत हे परदेशातल्या टोंगन माणसांना कित्येक दिवस कळलं नाही. उपग्रहाच्या डिश आल्या त्या दान म्हणून, स्फोटानंतर काही आठवड्यांनी, आणि त्यासाठी शेजारच्या फिजीत ग्राउंड स्टेशन उभारावं लागलं. डोक्यावरून फेऱ्या आधीपासून चालूच होत्या. खाली त्या धरायला काही नव्हतं.